चार खूर, तीन कप

मंगळवारी सकाळी हाब्बोने घोडीचा पुढचा डावा पाय उचलला, खिशातली सुताराची टेप खुराला लावली आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. ब्याण्णव मिलीमीटर! सात आठवड्यांपूर्वी गेशेने हाच खूर तासून आपल्या वहीत ब्याऐंशी लिहून ठेवला होता. त्याने उरलेले तिन्ही पाय मोजले. तेही तसलेच. आणि गेशे शुक्रवारी यायची होती.

आता घोडीचे खूर वाढले तर त्यात माणसाने घाम पुसण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण त्या कुणाची बायको फेन्ना नसते. हाब्बोची होती.

झालं होतं असं, की वसंताच्या सुरुवातीला डॉक्टरांनी हाब्बोच्या रक्तातली साखर मोजली आणि दोन गोष्टी बजावल्या. चहातली खडीसाखर बंद आणि रोज सहा किलोमीटर चालणं सुरू. नेमक्या त्याच महिन्यात फेन्नाने आपल्या घोडीचे, म्हणजे ट्रीनेचे, नाल काढून टाकले होते. खूर तासायला येणारी गेशे तेव्हा तिला म्हणाली होती, "काकू, खूर महिन्याला जवळजवळ सेंटीमीटरभर वाढतो. आपली जमीन ही अशी मऊ, चिखलाची. तिथे तो झिजणार कसा? हिला रोज विटांच्या रस्त्यावरनं चालवा. वाढेल तेवढं झिजेल, मला फार काम उरणार नाही."

फेन्नाच्या डोक्यात ही दोन औषधं एकत्र व्हायला वेळ लागला नाही.

"रोज ट्रीनेला घेऊन समुद्राच्या बांधापर्यंत जायचं आणि परत यायचं," तिने नवऱ्याला सांगितलं. "मोजून सहा किलोमीटर. आणि हे बघ हाब्बो, तू माझ्याशी खोटं बोलशील, पण तिचे पाय बोलायचे नाहीत. दर सात आठवड्यांनी गेशे मोजणार आहे."

"आणि समज, कमी झिजले तर?"

फेन्नाने कपाटावरचा कागद दाखवला. दक्षिणेकडच्या डोंगरातल्या एका आरोग्यधामाचा अर्ज होता तो. सहा आठवडे मुक्काम. सगळं भरून तयार, फक्त तिची सही राहिली होती. शेजारचा फोको गेल्या वर्षी अशाच एका ठिकाणी राहून आला होता. तिथे चहा कसला देतात, हे सांगताना त्याचा आवाज कापत होता. कोमट पाणी, त्यात दोऱ्याला लोंबणारी कागदाची पिशवी. खडीसाखर नाही, साय नाही, काही नाही! चहावर जगणाऱ्या फ्रीसलंडच्या माणसाला याहून जेल बरा.

त्यामुळे पहिले सात आठवडे हाब्बो इमानेइतबारे चालला. गेशेने खूर मोजले, शाबासकी दिली, किरकोळ तासलं आणि गेली. दुसऱ्याच दिवशी घरापासून अर्ध्या किलोमीटरवर, फाटकाशी, एलर्ट उभा होता.

एलर्ट म्हणजे हाब्बोचा शाळेपासूनचा दोस्त. चाळीस वर्षं जहाजावर काढून आता घरी बसला होता आणि बसून कंटाळला होता.

"काय लेका, रोज तोंड फिरवून जातोस! एक कप घे की."

"नको रे. फेन्ना..."

"फेन्नाला कोण सांगतंय? घोडी?"

आणि एक कप असा काही नसतोच. तीन कप प्यायचे. तीनच्या आत उठलात तर यजमानाच्या तोंडावर मारल्यासारखं होतं. तिसऱ्यानंतर पुरे असेल तर चमचा कपात उभा करून ठेवायचा. तो दिसेपर्यंत समोरचा ओततच राहतो. हाब्बो चमचा ठेवायला रोज विसरायचा. खडीसाखरेवर गरम चहा पडला की ती तडतडते, आणि तो आवाज ऐकला की डॉक्टर, साखर, आरोग्यधाम सगळं विसरायला व्हायचं. ट्रीने तोवर एलर्टच्या घरामागच्या मऊ लुसलुशीत गवतात दीड तास चरायची आणि मग दोघं तृप्त होऊन घरी परतायची. असं बरोबर सात आठवडे चाललं.

तर मंगळवारी टेप खिशात कोंबून हाब्बो घोडी घेऊन तातडीने निघाला. तीन दिवसांत जेवढे झिजतील तेवढे झिजवू, या हिशेबाने. एलर्टच्या फाटकापर्यंत सगळं ठीक झालं. तिथे ट्रीने सवयीने आत वळली.

"नाही, नाही! पुढे चल!"

ट्रीने हलेना. हाब्बोने दोरी ओढली, मागून ढकललं, गोंजारलं, शिव्याही घातल्या. सहाशे किलोचा ऐवज तो. तिच्या दृष्टीने फिरणं इथे संपत होतं आणि त्याबद्दल तिच्या मनात काही शंका नव्हती.

"काय तमाशा लावलाय?" एलर्ट बाहेर आला. सगळं ऐकून तो हसत सुटला. मग गंभीर झाला. "अरे, चालवतोस कशाला? झिजलेलंच दाखवायचंय ना? माझ्याकडे कानस आहे."

हाब्बोला ही युक्ती फार पटली. कानस सुतारकामाची होती, पण धार चांगली होती. एलर्टने पुढचा डावा पाय दोन गुडघ्यांत धरला आणि हाब्बोने घासायला घेतलं. तासाभरात खूर असा गोल, गुळगुळीत झाला की दोघं मागे सरून कौतुकाने बघत राहिले. टेप लावली. चौऱ्याऐंशी!

"वा! आता दुसरा."

पण ट्रीनेचा धीर संपला होता. एलर्टने पुढचा उजवा पाय धरताच तिने शांतपणे आपलं सगळं वजन त्याच्या अंगावर टाकलं. एलर्ट खाली, त्याची टोपी चिखलात. दुसऱ्यांदाही तेच. मागच्या पायांना हात लावायला गेल्यावर तिने शेपटीचा असा फटकारा दिला की हाब्बोचा चष्मा गवतात जाऊन पडला.

"हाब्बो," एलर्ट चिखलात बसूनच म्हणाला, "मी जहाजावर तुफानं बघितली आहेत. पण आता मला पुरे."

म्हणजे आता हिशेब असा झाला, की ट्रीनेचा एक पाय सात आठवडे रोज सहा किलोमीटर चालला होता आणि तीन पाय एलर्टकडे चहाला बसले होते.

बुधवार डोकं धरून बसण्यात गेला. चालवावं तर चारही झिजणार, म्हणजे एक पुन्हा आखूडच राहणार. शेवटी एलर्टनेच तोड काढली. जुन्या कातडी पिशवीचा मोजा शिवायचा, तो कानशीने घासलेल्या खुराला बांधायचा आणि उरलेल्या तिघांना रस्त्यावर काढायचं. फाटक ओलांडायला एलर्ट पुढे गाजर घेऊन उभा राहणार.

गुरुवारी सकाळी सातला हाब्बो निघाला तो बांधापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला, गावातून गेला, चर्चला वळसा घातला. तीन पाय खट खट खट, चौथा फट. बेकरीवाली हेरटा दुकानाबाहेर आली.

"हाब्बो, हिचा एक बूट सापडलाय की तीन हरवलेत?"

"एका पायाला हवा बाधते तिच्या!" तो ओरडला आणि तसाच पुढे गेला. भूक लागली, पायाला फोड आले, दुपार टळली. टेप लावली की दर वेळी एक्क्याण्णव. हट्टाने आणखी एक फेरी. तरी एक्क्याण्णव! घरी आला तेव्हा त्याला जिना चढवेना. फेन्ना म्हणाली, "आज फारच उशीर?" तो नुसताच हो म्हणाला आणि जेवता जेवता झोपला.

शुक्रवारी गेशे आली. फेन्ना हात पुसत बाहेर आली. गेशेने पहिला पाय उचलला, तो पुढचा डावाच. बघितला. खाली ठेवला. मग दुसरा, तिसरा, चौथा. मग पुन्हा पहिला.

"हाब्बोकाका, ही तीन पायांवर उभी राहून एकाच पायाने चालते का?"

"डावरी आहे ती," हाब्बो म्हणाला.

गेशे पोट धरून हसली. "काका, रस्ता खुराला खालून झिजवतो. हा वरून, आडवा घासलाय, लाकडाच्या कानशीने. आणि बाकीचे तिघं सात आठवडे गवतात उभे आहेत."

फेन्ना हसली नाही.

"कुठल्या गवतात?"

हाब्बोने खाली बघितलं. "एलर्टच्या."

"किती कप?"

"तीन." मग, खोटं आता अंगाशी आलंच होतं म्हणून, "कधी कधी पाच."

फेन्ना आत गेली आणि अर्ज आणि पेन घेऊनच बाहेर आली. तिचे डोळे भरले होते. "मला विधवा व्हायची हौस नाहीये, हाब्बो. तुला वाटतं, मी गंमत म्हणून मागे लागलेय? माझे वडील साठीत गेले याच साखरेने. मी रोज खिडकीतून बघते, माझा माणूस चालतोय, बरं वाटतं मला. आणि तू..."

हाब्बोला फार लाज वाटली. आरोग्यधाम, पिशवीचा चहा, काही आठवेना. "चुकलो ग," एवढंच तो म्हणाला. "कर सही."

तिने पेनाचं टोपण काढलं.

"काकू, जरा थांबा," गेशे मागच्या पायाशी वाकून म्हणाली. "हे तीन खूर खालून ताजे खरडलेत. काल ही खरोखर चालली आहे, आणि बरंच. काका, किती?"

"चोवीस किलोमीटर."

"चोवीस!" फेन्नाने नवऱ्याकडे बघितलं. तो एका पायावर भार टाकून उभा होता. "तू? चोवीस? फसवायला?"

"फसवायलाच," हाब्बो म्हणाला. "पण चाललो सगळं मीच."

फेन्नाचं तोंड हसावं की रडावं अशा अवस्थेत वाकडं झालं. तिने टोपण पुन्हा लावलं. "सात आठवडे. शेवटचे. पण आता या घोडीच्या पायांवर माझा विश्वास नाही. हिचे पाय कुणीही विकत घेतंय, मूठभर गवतावर."

"मग कुणाच्या पायांवर?" हाब्बोने विचारलं.

गेशे आधीच समजली होती. तिने घोडीचा पाय सोडला आणि हाब्बोकडे वळली. "काका, पाय वर."

"काय?"

"बूट बघू. वर, वर. टेका घ्या हवं तर."

हाब्बोने ट्रीनेच्या पाठीवर हात टेकवून गुडघ्यातून पाय मागे वर केला. गेशेने तो आपल्या दोन गुडघ्यांत धरला, ब्रशने चिखल काढला आणि बुटाच्या टाचेला माप लावलं. ट्रीनेने मान वळवून बघितलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

"लिहा काकू," गेशे म्हणाली. "हाब्बो. मागचा डावा. एकोणीस मिलीमीटर."