बिनपायऱ्यांच्या विहिरीची बखर

श्री. जे काचेआड बसून सर्वांस नाचविते आणि ऐन मोक्याच्या समयी गोल गोल फिरत अडकते, त्या यंत्रास आधी दंडवत. हुजुरांनी पुसले की, राज्य इतके थोर होते तर बुडाले कैसे. त्यास जे पाहिले ते लिहितो. गोड मानून घ्यावे, न मानल्यास त्याहून उत्तम. शके १९३४, नंदननाम संवत्सरे, संगमनेर मुक्कामी गोरक्ष वाकचौरे नामे एक पुरुष उदयास आला. त्यास नोकरी नव्हती, म्हणोन त्याने राज्य स्थापिले. राज्य म्हणजे मातीचे नव्हे, संगणकावर खेळावयाचा खेळ; त्यात एक गड, आणि गडावर बाजार, आणि बाजारात मेंढरे, आणि मेंढरांस पाय तीन, कारण चौथा काढावयाचा राहिला. आणि गडाच्या दरवाजाशी एक विहीर केली आणि विहिरीस पायऱ्या करावयास विसरला. नवा मनुष्य राज्यात पाऊल ठेविताच थेट विहिरीत पडे. बाहेर येण्यास मार्ग एकच: वरून दुसऱ्याने उडी घ्यावी, आणि पहिल्याने त्याच्या खांद्यावर चढोन काठ गाठावा, मग दुसरा आत अडके, मग त्यासाठी तिसऱ्याने उडी घ्यावी. ऐसे त्या राज्यात अष्टौप्रहर कोणी ना कोणी विहिरीत असेच. गोरक्षरायांस ही चूक कळली तेव्हा पायऱ्या करण्याचा कंटाळा येऊन त्यांनी एक बटण केले आणि त्यावर अक्षरे घातली, 'खांदा द्या'. आता मराठी मुलखात खांदा कोणास देतात हे शेंबड्या पोरासही ठाऊक. परंतु राज्य स्थापणाऱ्यास इतके ठाऊक असावे ऐसा नियम नाही.

वऱ्हाडातील अकोल्यास सुखदेवजी टेंभुर्णे म्हणोन झेरॉक्सच्या दुकानाचे धनी, ते 'गजकेसरी' ऐसे नाव धारण करून राज्यात शिरले आणि शिरताच विहिरीत पडते जाहले. बटण दाबिले. वर 'कडुनिंब' नावाचा कोणी उभा होता. तो बोलिला, "कोण वारलं?" गजकेसरी बोलिले, "अरे, जिवंत आहे मी अजून!" तो बोलिला, "मग आधी मर, तोवर आणखी तिघे शोधून आणतो." आणि हसत हसत उडी घेतली. गजकेसरी त्याच्या खांद्यावरून वर आले आणि मग त्यांनीच उलट उडी घेतली आणि कडुनिंब वर आला, आणि ऐसे दोघे पुष्कळ वेळ एकमेकांस काढीत बसले. तो दिवस सुखदेवजींनी काळजात कोरून ठेविला. पुढे त्या राज्यातली मंडळी सांगू लागली की, त्या काळी माणसे सोन्याची होती. साफ खोटे आहे. एकमेकांची मेंढरे चोरीत, आयमाय काढीत, आणि बाजारात खोटे वजन लावीत. मात्र उडी घेत. का घेत? तर राज्यात करावयास दुसरे काही नव्हते. लढाई नव्हती, कारण गोरक्षरायांचे शत्रू काढावयाचे राहिले होते. आणि आत कोण आहे हे कोणी पुसत नसे. कलेक्टर असो की चोर असो, हाक आली की उडी, आणि पुसणे मागाहून. इतकेच काय ते त्या राज्याचे थोरपण. बाकी वर्णने करणाऱ्यांच्या तोंडी लागू नये.

मग राज्याची कीर्ती जाहली आणि एका थोर पेढीने ते गोरक्षरायांकडून विकत घेतले, आणि गोरक्षराय सुखी जाहले, आणि त्यांचे या बखरीतील काम संपले. पेढीने मेंढरांस चौथा पाय लाविला, लोकरीस चकाकी दिली, 'खांदा द्या' पुसून 'मदत मागा' लिहिले, आणि विहिरीस उत्तम पायऱ्या केल्या. मात्र पायरीगणिक एक जाहिरात पाहावी लागे. लक्षावधी लोक आले आणि जाहिराती पाहात पाहात वर चढले, आणि कोणी कोणाशी एक अक्षर बोलेना, कारण बोलण्याचे कारण उरले नाही. जुन्या मंडळींनी आक्रोश मांडिला. तेव्हा गजकेसरी पुढारी जाहले. दुकानात गिऱ्हाईक आधार कार्डाची प्रत मागे, आणि हे त्यास विहिरीची कथा सांगत. घरी ज्योत्स्नाबाई, त्यांचे कुटुंब, पोळी लाटीत, आणि हे पोळपाटाशी उभे राहून बोलत, "तेव्हाची गोष्टच न्यारी होती." बाई बोलत, "सरका, तवा तापला."

शके १९४६, संवत्सराचे नाव क्रोधी, ते योग्यच. पेढीने जुन्यांच्या अर्जांस कंटाळून हुकूम केला की, जुना प्रांत होता तैसा उघडून देतो, तीन पायांची मेंढरे आणि बिनपायऱ्यांची विहीर आणि तेच बटण; शर्त एकच, जुन्यांनी जुने दिवस दाखवून नवा माणूस राखावा. महिनाअखेर एकही नवा टिकला नाही तर कायमचे कुलूप. सुखदेवजींस तीन रात्री झोप नाही. त्यांनी भाच्यास विनविले, समोरच्या पानवाल्यास विनविले, शटर दुरुस्त करणाऱ्यासही विनविले. सर्व बोलिले, "पाहू." घरातच एक माणूस आहे हे मात्र त्यांस सुचले नाही.

प्रांत उघडला आणि जुने सरदार धावले. कडुनिंब आले, ते आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मिरचीराव आले, ते कंबरदुखीने पट्टा बांधोन बसलेले. आणि आणखी पुष्कळ आले. सर्वांनी विहिरीस वेढा घातला आणि आठवणी आरंभिल्या. दिवसामागून दिवस आठवणी. कोण आधी पडला, कोणाचे मेंढरू कोणी चोरिले, मिरचीराव खोटारडे की विसराळू, यावर पक्ष पडले आणि पक्षांत पोटपक्ष पडले. नवा एकही न येता महिना सरत आला. मग एके रविवारी दुपारी धप्प ऐसा आवाज जाहला, आणि आतून हाक आली. 'वरवंटा' नावाचा कोणी नवखा पडला होता. त्याने बटण दाबिले आणि लिहिले, "वरचे कोणी उडी मारता का?"

आनंदाचा कल्लोळ जाहला. मिरचीराव बोलिले, "आला रे आला, नवा आला! थांब बाळा, आधी ऐक, तू कुठे पडला आहेस याची तुला कल्पना नाही."

वरवंटा बोलिला, "आहे. विहिरीत."

कडुनिंब बोलिले, "ही साधी विहीर नव्हे. येथे माणुसकी होती."

"बरं. आता आहे का?"

तेव्हा गजकेसरींस राग आला. त्यांनी अखिल प्रांतासमक्ष लिहिले, "आजकालच्या लोकांना सगळं तयार पाहिजे! आमच्या वेळी हाक आली की जीव टाकून उडी घ्यायचो. नाव विचारत नव्हतो, गाव विचारत नव्हतो." सरदारांनी वाहवा केली. वरवंट्याने पुनः बटण दाबिले. गजकेसरी बोलिले, "थांब म्हटलं ना! माझं होऊ दे." आणि लिहू लागले, आणि लिहिता लिहिता त्यांचेच डोळे पाणावले, आणि तिसऱ्यांदा बटण वाजले, आणि मिरचीराव बोलिले, "काय घाई आहे याला?"

तो स्वयंपाकघरातून आवाज आला, "अवो, विहिरीत मी हाव."

सुखदेवजींनी लिहिणे अर्धे सोडिले. मग उठोन दारात गेले. ज्योत्स्नाबाई ओट्याशी उभ्या, एका हाती फोन, आणि कुकरची शिट्टी व्हायची बाकी. हे बोलिले, "तू? अगं, आधी सांगायचंस ना! थांब, घेतो उडी." आणि तिथेच उभ्याउभ्या आपल्या फोनवर उडी घेतली, आणि विहिरीच्या तळाशी बाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि बोलिले, "चढ. माझ्या खांद्यावर पाय दे."

बाई चढल्या नाहीत. बोलिल्या, "मी हाव हे मालूम नसतं तं मारली असती का?"

सुखदेवजी बोलिले, "त्याचं काय आता? मारली ना?"

"बायकोसाठी कोनीही मारते. येवढे वर्स मले सांगून ऱ्हायले, नाव न विचारता उडी मारत होते म्हनून. म्हटलं, एक डाव पाहावं कसं होतं ते." आणि खेळ बंद करून फोन फ्रिजवर ठेविला आणि गॅस बारीक केला. वरवंटा विहिरीतून नाहीसा जाहला. राज्यात आलेला एकच नवा माणूस, तो दुपारच्या भाताअगोदर गेला.

गजकेसरी एकटे तळाशी राहिले. त्यांनी बटण दाबिले. वरून मिरचीराव बोलिले, "गजकेसरी, काय उडी होती! डोळे भरून आले. अगदी जुने दिवस!" आणि सर्व सरदारांनी त्या क्षणाची चित्रे काढून घेतली आणि गटागटात धाडली आणि खाली लिहिले, 'आपले दिवस'. गजकेसरींनी पुनः दाबिले. कडुनिंब बोलिले, "जरा थांबा, अशीच आणखी एक आठवण सांगतो." उडी कोणी घेतली नाही. स्वयंपाकघरातून सुखदेवजींस हाक आली, "जेवाले येता का?" आणि ते गेले आणि ताटावर बसले, आणि त्या दिवशी प्रथमच जेवताना जुन्या काळाविषयी अवाक्षर बोलिले नाहीत. बाईंनी विचारिले, "भात वाढू?" ते बोलिले, "वाढ." महिना सरला, पेढीने पाहिले, नवा कोणी नाही, आणि कुलूप घातले.

ऐशी ही हकिकत. पुढे जाणते लिहितील की, राज्य पहिल्या खेपेस पायऱ्या केल्या म्हणोन बुडाले, आणि दुसऱ्या खेपेस पायऱ्या नव्हत्या म्हणोन. दोन्ही खोटे. पायऱ्यांचा यात दोष नाही. दुसऱ्या खेपेस काठावर गर्दी होती आणि सर्वांचे तोंड चालू होते, इतकेच. कडुनिंब, मिरचीराव आदि मंडळी हल्ली एकत्र जमून त्या शेवटल्या महिन्याच्या आठवणी काढितात आणि गहिवरतात, की काय दिवस होते ते. गहिवरोत. लिहिणाऱ्यास आणखी कामे आहेत. इति.