मागच्या चाकांची वॉरंटी

"आज एक तर गाडी दुरुस्त हुईल, न्हायतर त्या शोरूमला कुलूप लागंल!"

सर्जेरावनं हे बावड्याच्या चौकात, भर सकाळी, चार माणसांत जाहीर केलं आणि तिथंच चुकला. कारण त्या चार माणसांत माऊली होता. दुसऱ्याच्या भांडणाला जायचं म्हटलं की माऊलीच्या अंगात वारं शिरायचं. त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला, पिकअपच्या शेजारच्या सीटवर उडी मारली आणि मोबाईल सदऱ्याला पुसत म्हणाला, "चल! मी सगळं शूटिंग करतो. पुरावा पायजे, पुरावा!"

भांडण साधं नव्हतं. गाडी अवघ्या पाच महिन्यांची आणि तीही सर्जेरावनं हट्टानं घेतलेली, वरच्या मॉडेलची. त्याची पेरूची बाग ओढ्यापलीकडं. कालव्याला पाणी सुटलं की बागेचा रस्ता म्हणजे नुसता काळा चिखल. साधी गाडी तिथं रुतली की मागचं एक चाक गरगरा फिरायचं आणि दुसरं ढिम्म बसून मजा बघायचं. ह्या गाडीत मात्र दोन चाकांच्या मधल्या डिफरन्शियलमध्ये खास चकत्या बसवलेल्या होत्या. एक चाक घसरलं की त्या दुसऱ्याला कामाला जुंपत. ह्याला लिमिटेड स्लिप म्हणतात, हे सर्जेराव साऱ्या गावाला सांगून दमला होता, गाव ऐकून दमलं होतं.

त्याची आई प्रयागबाई पहिल्यापासून विरोधात. "साधीच घे," एवढंच म्हणायची. का, ते सांगायला लागली की सर्जेराव तिला बोलूच द्यायचा नाही. दोन भाकरी आणि मध्ये लाटणं ठेवून त्यानं तिची शिकवणी घेतली होती. "आई, ही अक्कलवाली गाडी हाय! हिच्या चाकांना डोकं हाय!" शेवटी आईनं सही केली. सही तिचीच लागली, कारण जमीन तिच्या नावावर, तर गाडीही तिच्याच नावावर, असा त्या घरचा रिवाज.

आणि परवा सोमवारी पेरूचे ऐंशी क्रेट भरलेली ती अक्कलवाली गाडी चिखलात रुतली. एक चाक गरगर, दुसरं ढिम्म! आई बांधावर कमरेवर हात ठेवून उभी होती. "डोकं कुठं गेलं रं चाकांचं?" एवढंच तिनं विचारलं. तेव्हापासून सर्जेरावच्या घशाखाली घास उतरेना. पेरूची तोडणी ऐन भरात, आणि नव्या डिफरन्शियलची किंमत ऐकून त्यानं फोनच कानापासून लांब धरलेला. वॉरंटी मिळाली तर दोष कंपनीचा. नाही मिळाली तर दोष त्याचा, आणि तो आई रोज ताटात वाढणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

इंदापूर मागं टाकून गाडी बारामतीला पोचेपर्यंत माऊलीनं तिघांना फोन करून लढाईची वर्दी दिली. जळोचीच्या अंगाला ते शोरूम. काचेचं दार उघडताच सेल्समन दिग्विजय पुढं आला. त्यानंच गाडी विकलेली. "या साहेब, या! चहा सांगू?"

"चहा न्हाय. डिफ्रन्सल पायजे."

दिग्विजयनं दोघांना सोफ्यावर बसवलं. सोफ्याच्या मागं भिंतीवर भला मोठा टीव्ही, त्यावर गाड्यांच्या जाहिराती आवाज बंद करून फिरत होत्या. समोरच्या सोफ्यावर सोमेश्वरनगरचे एक तात्या सर्व्हिसिंगला आलेले. ते सर्जेरावच्या डोक्यावरून वर बघत म्हणाले, "म्हस झकास हाय."

सर्जेरावनं एकदा तात्यांकडं पाहिलं, एकदा माऊलीकडं पाहिलं. इथं माणसाचा जीव टांगणीला आणि ह्यांना म्हैस सुचतीय!

तेवढ्यात निळा डगला घातलेली एक मुलगी आली. ही श्रेया, कंपनीची इंजिनिअर. वॉरंटी द्यायची की नाही, हे तिच्या सहीवर. "चला, आधी चालवून बघू," म्हणाली आणि चावी घेऊन बसलीसुद्धा.

आता गाडीचं काय असतं, घरी खोकते आणि शोरूममध्ये आली की शाळेतल्या हुशार पोरीसारखी वागते. सर्जेरावला त्याचीच धास्ती. श्रेयानं मागच्या आवारात इंग्रजी आठाचा आकडा काढत गाडी फिरवली. पहिलं वळण, आवाज नाही. दुसरं, नाही. सर्जेराव मनातल्या मनात गाडीच्या पाया पडला. तिसऱ्या वळणाला मागून आलं, "कट्... कट्... कटाकट्!"

"ऐकलं? ऐकलं का मॅडम?" सर्जेराव सीटवर उडालाच. पोराचा दहावीचा निकाल लागल्यावरही तो एवढा हरखला नव्हता. मागच्या हौद्यात उभा राहून शूटिंग करणारा माऊली हौद्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर आळीपाळीनं आपटत ओरडला, "आलं! रेकॉर्डात आलं!"

"कधीकधी चुकीचं तेल असलं तरी असा आवाज येतो," श्रेया म्हणाली. गाडी वर घेऊन तिनं डिफरन्शियलचं तेल सोडलं. तेल डांबरासारखं काळं. तिनं बोटावर घेऊन हुंगलं आणि तिचं नाक आक्रसलं.

"जळलंय हे."

"जळलंय!" सर्जेरावला आनंद मावेना. "माऊली, जळलंय म्हणत्यात! जवळनं घे, जवळनं!"

मग श्रेयानं गाडी खाली घेतली, जॅक लावून मागचं एकच चाक उचललं, दुसरं जमिनीवरच ठेवलं आणि गिअर मोकळा केला. "चकत्या चांगल्या असतील तर हे चाक हातानं हलणार नाही. लांब पान्यानं जोर काढावा लागतो," म्हणत तिनं चाकाला हात लावला. चाक पाळण्यासारखं फिरलं. एव्हाना आजूबाजूला दहा-बारा गिऱ्हाइकं जमली होती. चाकावरचा हात काढून ती मागं सरली, म्हणाली, "चकत्या गेल्यात. पाच महिन्यांत कशा जातील?"

"कंपनीचाच माल खराब! उघडा! सगळ्यांम्होरं उघडा!" सर्जेराव आता पेटला होता. माऊलीला तर नुसत्या शूटिंगनं भागेना. त्यानं गावाच्या ग्रुपवर थेट प्रक्षेपण चालू केलं. "बावडेकर, बघा! आपल्या सर्जेरावनं कंपनीला कसा घाम फोडलाय!"

मागचं ते एक चाक तसंच उचललेलं ठेवून श्रेयानं मागचं झाकण काढलं. आतल्या चकत्यांच्या कडा तापून निळ्या पडलेल्या. तिनं डोकं खाजवलं. "एक चाक जागेवर अडकलेलं आणि दुसरं बराच वेळ फिरतंय, असं रोज घडलं तरच हे होतं. गाडी दुसरं कोणी चालवतं का?"

"कुणी न्हाय! चावी खुंटीला असती. सकाळी सहाला मी मोटरसायकलीवर बागेत जातो, आठला येतो. तवर गाडी गोठ्याम्होरं झोपलेली असती."

"नक्की?"

"ह्यात फरक निघाला तर माझी वॉरंटी फाडून टाका!" सर्जेरावनं छातीवर हात मारला. तो आवाज थेट बावड्यापर्यंत गेला.

श्रेयानं लॅपटॉप आणला. ह्या गाडीत एक डबी असते, ती गाडी कधी, कुठं, किती वेगानं गेली ते सगळं टिपून ठेवते. श्रेयानं पडद्यावरच्या नोंदी वरपासून खालपर्यंत चाळल्या. "दादा, गेले तीन महिने रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात गाडी ताशी अठराच्या वेगानं चालतीय."

"कुठं?"

"बावड्यात. तुमच्या घराजवळ."

"आन जाती कुठं?"

"कुठंच नाही. सव्वासातला तिथंच असते."

गर्दी हसली. सर्जेरावची कानशिलं तापली. "तुमचं यंत्र बी बिघाडलंय! त्याची बी वॉरंटी पायजे मला!"

तेवढ्यात माऊलीच्या फोनवर प्रयागबाईचा फोन आला. थेट प्रक्षेपण थांबलं म्हणून माऊली चडफडला, पण त्यानं आवाज मोठा करून फोन सर्जेरावच्या पुढं धरला.

"सर्ज्या! गोठ्यावरच्या गड्याच्या, झुंबरच्या फोनात बघतीया मी. त्या पोरीला आधी बाजूला हो म्हणावं!"

"का गं आई?"

"अरं, एक चाक उचाललंय आन म्होरल्या चाकांना दगूड कुठं हायती? ही गाडी लई ओढ खाती! जॅकवरनं पडंल की तिच्या अंगावर!"

श्रेया पान्यासकट गाडीपासून दोन पावलं लांब सरली.

"आई," सर्जेराव हळूच म्हणाला, "ओढ खाती हे तुला कसं कळलं?"

"आता! रोज चाक उचालतो की आमी! कडबाकुट्टीची मोटर जळली त्याला तीन म्हैनं झालं. तुला धा येळा सांगितलं, तू आपला बघू-बघू. म्हशी काय तुझ्या बघण्यावर दूध देत्यात? झुंबर गाडीत बसतो, आमी मागचं चाक उचालून त्याच्यावर कुट्टीचा पट्टा चढवितो. दोन भारं कडबा बगता बगता बारीक! फकस्त गाडी म्होरं ओढती, म्हणून मी जात्याचं दोन्ही दगूड चाकाम्होरं लावलं."

"ओढणारच," श्रेया पुटपुटली. "चकत्यांचं कामच ते. बिचाऱ्या रोज पाऊण तास त्या दुसऱ्या चाकाला चल-चल म्हणत होत्या."

तिनं कागद घेतला आणि त्यावर दोन शब्द लिहिले: चुकीचा वापर. "सॉरी दादा. ह्यात वॉरंटी नाही बसत."

माऊलीनं मोबाईल हळूच खिशात घातला. तिथं थांबायलाही नको वाटलं, म्हणून सर्जेराव आत आला आणि दिसेल त्या सोफ्यावर बसला. आता आईला काय तोंड दाखवायचं? चूक तिची, पण ऐकून घेणार तोच, कारण मोटर त्यानंच दुरुस्त केली नव्हती. ह्या वेळी तो तात्यांच्या शेजारी बसला होता. तात्या अजून वरच बघत होते.

"बघा," तात्यांनी त्याला कोपरानं ढोसलं. "म्हणलं न्हवं, म्हस झकास हाय."

सर्जेरावनं मान वर केली. टीव्हीवर एक म्हैस रवंथ करत होती. डावं शिंग खाली वळलेलं, कपाळावर पांढरा टिळा. तो उठून टीव्हीच्या जवळ गेला. मग ओरडला, "अहो, ही आमची चंद्री हाय!"

चंद्री, तिच्या मागं त्यांचा गोठा, गोठ्यापुढं एक चाक उचललेली पिकअप, चाकावर पट्टा, पट्ट्यावर कडबाकुट्टी! आणि कुट्टीत कडबा सारणारी हिरव्या लुगड्यातली प्रयागबाई, शेजारी हात हलवत समजावून सांगणारा दिग्विजय. खाली मोठ्या अक्षरांत आलं, 'शेतकऱ्याचं प्रत्येक काम, आमची पिकअप!'

"मॅडम! ओ मॅडम! माऊली, काढ फोन, काढ!"

सगळं आवार आत लोटलं. दिग्विजय रिमोट शोधत सोफ्याखाली शिरला होता. श्रेयानं ती जाहिरात तीनदा बघितली. बघताना ओठ दाताखाली धरून होती.

"दिग्विजय, वर या. हे कधी केलंत?"

"साहेब गाडी घ्यायच्या आधी, मॅडम. मी दाखवायला गेलो, साहेब इंदापूरच्या बाजारात होते. मावशी म्हणाल्या, कुट्टी चालंल का हिच्यावर? म्हटलं, चालंल की! तिथंच चालवून दाखवली आणि शूटिंगही केलं. पण ती गाडी साधी होती, मॅडम. साध्या गाडीत ह्यानं काय होत नाही."

"आणि चकत्यांच्या गाडीवर हे करू नका, हे मावशींना सांगितलंत?"

दिग्विजयनं रिमोटकडं बघितलं.

सर्जेरावच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साधीच घे, साधीच घे, असं आई का म्हणत होती, ते आता कळलं. आणि आपण तिला भाकरी-लाटणं दाखवत बसलो होतो!

श्रेयानं जुना कागद फाडला. "आमच्याच भिंतीवर शिकवलेलं काम केलं, त्याला चुकीचा वापर कसं म्हणू? वॉरंटी मंजूर. आणि ती जाहिरात आत्ताच्या आत्ता बंद करा."

काय तो जल्लोष! माऊलीनं तात्यांना मिठी मारली. सर्जेरावनं शोरूमभर पेढे वाटले. पार्ट यायला पंधरा दिवस लागणार होते, तोपर्यंत वापरायला शोरूमनं त्याला दाखवायची साधी गाडी दिली. "तयार झाली की मालकाच्या नंबरवर फोन करू," श्रेया म्हणाली. सर्जेराव शिट्टी वाजवतच घरी गेला. दोष कंपनीचा ठरला होता.

पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. कालव्याला पुन्हा पाणी सुटलं. शोरूमची साधी गाडी क्रेटांसकट चिखलात बसली होती, एक चाक गरगर, दुसरं ढिम्म, आणि सर्जेराव गुडघाभर राडीत उभा राहून मागून रेटत होता. आई बांधावर होती. शेवटी त्यानं चिखलाच्याच हातानं श्रेयाला फोन लावला.

"मॅडम, किती दिवस हो पार्टाला?"

"दादा, तुमची गाडी तयार होऊन आठ दिवस झाले! मालकाच्या नंबरवर मी रोज फोन करतीय."

"मालकाच्या म्हणजे..."

"तुमच्या आईंच्या. त्या म्हणतात, साध्या गाडीला दगड लावावे लागत नाहीत, अजून दोन ट्रॉल्या कडबा शिल्लक आहे, तो संपेपर्यंत काही घाई करू नका."

सर्जेरावनं बांधाकडं बघितलं. प्रयागबाईनं पदर खोचला आणि ती गाडी रेटायला चिखलात उतरली.