दोघांचं बाकडं

गेल्या रविवारी सकाळी, ठीक दहा वाजता, लालबागच्या आमच्या चाळीत गंगाराम तात्या साळसकर यांच्यावर उघड उघड अन्याय झाला. गुन्हा काय? तर त्यांनी एक बाकडं केलं. शिक्षा काय? तर येत्या रविवारी ते बाकडं कुऱ्हाडीनं फोडायचं आणि लाकूड बंबात घालायचं. तात्या मासळीबाजारात गेले होते, ती वेळ साधून बैठक उरकण्यात आली. विरोधात बोललो एकटा मी. माझं वय काढून मला गप्प करण्यात आलं. बैठकीत गप्प केलंत, पत्रकात कसं करणार?

तात्या गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. मूळचे मालवणकडचे. तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत एकटेच राहतात. पाळी सुटली की करवत घेऊन बसतात. पण जगात सुतार करतात तसलं काही त्यांच्या हातून होत नाही. त्यांच्या मेजाला पायच नाहीत. नुसती फळी, आणि तिला खालून गुडघ्यांच्या मापाच्या खोबणी. चौघांनी पाटांवर गुडघे उभे करून समोरासमोर बसायचं, फळी गुडघ्यांवर घ्यायची आणि जेवायचं. एकाला शिंक आली की चौघांची आमटी हलते.

"तात्या, पाय लावायला विसरलात!" मी म्हटलं.

"इसारलंय नाय रे झिला. बसतल्यांका पाय आसत मा! आणखी कित्याक?"

कपाटाची तीच गत. एकानं मागची दोरी ओढून धरायची, तेव्हा दुसऱ्यानं पुढून डबा काढायचा. दोरी सुटली की दार आपटून बंद. शेजारच्या काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "तात्या, चिमूटभर साखर हवी असली तर काय मोर्चा आणायचा?"

तात्या खूश. "हाडा मा! सगळ्यांका चाय करतंय!"

आणि मग ते बाकडं. लांबलचक सागवानी फळी, मधोमध एकच पाय. दोन टोकांना दोघं बसले तर राजाचं आसन. एक उठला की दुसरा जमिनीवर. ते पाहून मी भारावलोच. म्हटलं, "तात्या, ही तर मुंबई आणि महाराष्ट्र! एकाला हलवलं की दुसरा कोसळला! यावर मी पत्रक काढतो."

"काढ. पण आधी त्या टोकाक बस. माका मधलो खिळो बघूचो आसा."

आता आदल्या शनिवारी चाळीत झालेल्या सभेबद्दल. खुर्च्या कमी पडल्या म्हणून चाळीचे अध्यक्ष अण्णा यांनी तात्यांना न विचारता ते बाकडं खाली आणलं. तात्या दुपारपाळीला होते, नाहीतर त्यांनी बजावलं असतं. एका टोकाला अण्णा, दुसऱ्याला गिरगावातून भाषणाला आलेले भारदस्त वकील, गळ्यात हार. मी घोषणा दिली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." अण्णा ताडकन उभे राहिले, "झालाच पाहिजे!" आणि वकील हारासकट खाली. त्यांना उचललं, झटकलं, पुन्हा बसवलं. दुसरी घोषणा झाली. अण्णांना सवयच, ते पुन्हा उभे! तिसऱ्या घोषणेला सगळी चाळ श्वास रोखून वकिलांकडे बघत होती. पण वकील हुशार. ते आधीच उठले आणि उभ्यानं तीन वाक्यं बोलून निघून गेले. इतकं आटोपशीर भाषण आमच्या चाळीनं आजवर ऐकलेलं नाही. खरं तर त्याबद्दल तात्यांचा सत्कार करायला हवा होता.

अण्णा मात्र गरजले, "हे फितुराचं काम आहे!" फितूर? मोर्चात तात्यांच्या पाठीवर लाठी बसली, त्या दिवशी हे अण्णा पडशानं घरी निजले होते. त्यांनी कुणाला फितूर म्हणावं!

बैठकीनंतर दुपारी तात्यांना सांगायला मी वर गेलो. दार उघडंच होतं, बाकडं सभेनंतर पुन्हा जागेवर आलं होतं. तात्या खिडकीशी उभे राहून जेवत होते. ताटली चौकटीवर, पाठ दाराकडे.

"बसून तरी जेवा, तात्या."

"खंय बसू? बाकड्यार दुसरो व्हयो. मेजाक पाय नाय." स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं या खोलीत येतो, पण त्यांना एकटं बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

"मग साधी खुर्ची करा की एक! तुम्हाला काय अवघड आहे?"

त्यांनी ताटलीतला काटा बाजूला काढला. "ह्या खोलयेत आमी धा गाववाले होतो रे. कोण बिऱ्हाड करून शीव कोळीवाड्याक गेलो, कोण गावाक. एकट्याची खुर्ची केलंय म्हणजे, आता कोण येवचो नाय ह्या मीच ठरवल्यासारख्या झाला."

मी ठराव सांगितला. येत्या रविवारी दहा वाजता सगळे वर येतील, बाकडं घेऊन जातील, फोडतील. मला वाटलं, भडकतील.

तात्यांनी हात धुतला. "किती जण येतले?" म्हणाले. "कप उसने हाडूक व्हये."

तेव्हा वाचकहो, नुसती हळहळ नको. येत्या रविवारी दहाच्या आत लालबागला या. भाषण करू नका, घोषणा तर मुळीच देऊ नका. तिसऱ्या मजल्यावर चढा, त्या बाकड्याच्या रिकाम्या टोकाला बसा, आणि तात्यांचं जेवण होईपर्यंत उठू नका.