रिळावरचे बाप

आमचे वाटाणेसाहेब निवृत्त झाले, घरातली निम्मी कागदपत्रं रद्दीत गेली, पण टेबलाच्या खणातलं एक रंगीबेरंगी रीळ काही त्यांनी टाकलं नाही. टाकणार कसं? त्यांची अख्खी नोकरी त्या रिळावर गुंडाळलेली आहे.

तेव्हा ते साहेब नव्हते. संशोधन केंद्रावर नुकतेच चिकटले होते, तेही एका हंगामापुरते. मोठ्या साहेबांना मात्र छातीठोकपणे सांगून बसले, "वाटाण्याचे साठ संकर करतो. एकही चुकला तर मला घरी पाठवा."

मोठे साहेब म्हणाले, "पाठवीन."

काम नाजूक. उमलायच्या आधीच कळी हलकेच उघडायची, चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या वाणाचा, म्हणजे बापाचा, पराग लावायचा. आई सगळ्यांची एकच, शेंगांनी भरघोस, पण रोग आला की आडवी होणारी. बाप तीन, तीन मुलखांतून आणलेले. त्यातला एक तर असा खुरटा आणि रानटी, की सगळं केंद्र त्याला हसायचं. कोणत्या फुलाला कोणता बाप, हे लिहायच्या चिठ्ठ्या भांडारातून काही आल्या नाहीत. पठ्ठ्याने घरून स्वतःच्या आईच्या शिवणाच्या डब्यातले रेशमी दोरे आणून बांधले. लाल, पिवळा, आणि खुरट्याला निळा. दोरे आहेतच की, म्हणून वही कोरीच ठेवली.

आठवड्याने आई त्याचा डबा घेऊन आली. तो मोठ्या साहेबांकडे गेला होता. परत येऊन बघतो तर आई बांधावर बसलेली आणि नळापासून फाटकापर्यंत एका रांगेतली साठही झाडं मोकळी!

"आई, दोरे कुठायत?"

"माझ्या पिशवीत. गिऱ्हाइकाच्या झग्याचे दोरे झुडपांना बांधतोस? अक्कल गहाण टाकलीस का?"

तो मोकळ्या झाडांकडे बघत म्हणाला, "साठ पोरं बिनबापाची केलीस गं. उद्या मोठे साहेब बघायला येणार. गेली माझी नोकरी." त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आईने पिशवीतून रीळ काढलं. जन्मभर शिवणकाम केलेली बाई ती, तुकडा वाया घालवणं तिच्या रक्तातच नव्हतं. सोडलेला प्रत्येक दोरा तिने पुढच्याला गाठ मारून एकाच रिळावर गुंडाळला होता. म्हणजे क्रम शाबूत होता.

"सुरुवात कुठून केलीस? नळाकडून की फाटकाकडून?"

आईने एकदा नळाकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे, एकदा त्याच्या डोळ्यांकडे. मग ठामपणे म्हणाली, "नळाकडून."

म्हणजे रिळावरचा सगळ्यात वरचा दोरा फाटकाशेजारच्या झाडाचा; दोघं फाटकापासून रीळ उलगडत उलटी निघाली. ती दोरा द्यायची, तो बांधायचा आणि वहीत लिहायचा. संध्याकाळी नळापाशी शेवटची गाठ सुटली.

नोकरी टिकली. शेंगा काढून झाल्यावर आईने ते दोरे पुन्हा त्याच रिळावर गुंडाळले. आठ-दहा वर्षांनी निळ्या दोऱ्याच्या वंशातून दीडपट शेंगा देणारा, रोगाला न बधणारा वाण निघाला. सत्कार झाला. टाळ्या वाजत असताना शेजारी बसलेली आई त्यांच्या कानाशी लागली.

"एक सांगू? नळ की फाटक, मला तेव्हा काही आठवत नव्हतं. तू रडवेला झालास, म्हणून म्हटलं नळाकडून."

आई आता नाही. साहेबांना तिची फार आठवण येते, आणि आली की ते रीळ हातात घेऊन बसतात. तो वाण अजून पेरला जातो. अधूनमधून एखादा तरुण शास्त्रज्ञ घरी येऊन विचारतो, "सर, याचा बाप नक्की कोणता?"

साहेब रीळ हळूच खणात सरकवतात आणि म्हणतात, "चहा घेणार?"