बिनबाह्यांची उशी

स्वेटर नाहीसा झाल्याचं रविवारी घरात कळलं, तेव्हा तो कोचावरच होता आणि त्याला टेकून मिस्त्रींची मेहुणी चहा पीत होती. आत लेक कपाट उपसत होती.

"बाबा, आईचं शेवटचं विणकाम कुठाय? दोरीने जोडलेल्या दोन सुया होत्या बघा त्याला. मला पुरं करायचंय ते."

मिस्त्रींनी कपात तोंड घातलं ते वर काढलंच नाही.

मिस्त्रींनी चाळीस वर्षं बसच्या सीटा भरल्या होत्या. बायको गेल्यावर चार महिन्यांनी लेकीला घर भकास वाटायला लागलं. तिनेच सुचवलं, की आईने विणलेल्या जुन्या स्वेटरांच्या उशा करा. मिस्त्रींनी छाती फुगवून सांगितलं, की उशी म्हणजे काय, छोटी सीटच. आणि केलीही तशीच. आत काथ्या ठासला, त्यावर रेक्झिन ताणलं, वरून स्वेटर चढवला. अशा सहा उशा झाल्या. पाहुणे कोचावर पाठ ताठ करून, पुढच्या स्टॉपला उतरायचं असल्यासारखे बसू लागले.

सातव्या उशीला तर कात्रीही लागली नाही. कपाटाच्या तळाशी लोकरीचं एक नळकांडं सापडलं. गळा नाही, बाह्या नाहीत, नुसतं धड. जणू तयार सीटकव्हर! वरच्या कडेच्या सुया त्यांनी नव्या शर्टाच्या टाचण्या काढाव्यात तशा काढून टाकल्या. उरलेला धागा शोभेला लोंबता ठेवला. घेर मात्र अवाढव्य होता. कोणत्या ढेरपोट्यासाठी विणत होती कोण जाणे, असं पुटपुटत त्यांनी आणखी काथ्या कोंबला.

आता त्यांनी मनात बेत आखला. मेहुणीला वाटेला लावायचं, नळकांडं गुपचूप उतरवायचं, सुया ओवायच्या आणि कपाटात ठेवून द्यायचं. त्यांनी मेहुणीला विचारलं, की तुम्हाला उशीर होत असेल ना. ती समोरच्याच इमारतीत राहायची. तिला कधीच उशीर होत नसे. ती फणकाऱ्याने उठली, पर्स उचलली आणि निघाली. पर्सच्या साखळीत तो शोभेचा धागा अडकला होता.

मेहुणी जिना उतरू लागली तशी उशी कोचावर गिरकी घेऊ लागली. मिस्त्री नुसते बघत राहिले. हाक मारली तर काय झालं ते सांगावं लागणार! एकेक ओळ उसवत गेली, खालून तपकिरी रेक्झिन दिसू लागलं. तेवढ्यात लेक बाहेर आली. तिने उशीकडे पाहिलं, मग बापाकडे. खाली वाकून धागा गुंडाळू लागली.

तिच्यामागून मिस्त्रीही निघाले. धागा जिन्यावरून फाटकाशी, तिथून रस्ता ओलांडून थेट मेहुणीच्या दारात गेला होता. वाटेत एक सायकलवाला त्यात पाय अडकून उभा होता. मिस्त्रींनी त्याची माफी मागितली.

दार उघडून मेहुणी म्हणाली, "भावोजी, आत्ता तर हाकललंत. आता न्यायला आलात?"

मग तिने लेकीच्या हातातला गुंडा पाहिला आणि सगळं तिच्या लक्षात आलं.

"हा तुमचा होता, भावोजी."

"मला लोकर टोचते. तिला माहीत होतं."

"टोचते, टोचते म्हणून चाळीस वर्षं ऐकवलंत तिला. शेवटी दुकानात प्रत्येक लोकर गालावर घासून बघत बसली होती. मी होते ना सोबत. तुम्ही झोपलेले असताना माप घेतलं. सुतळी पुरली नाही, दुसरी जोडावी लागली."

मिस्त्रींनी लेकीच्या हातातून गुंडा घेतला आणि थोडा वेळ गालाला लावून ठेवला. टोचत नव्हता.

लेक विणायला बसणार होती, पण मिस्त्रींनी सुया दिल्या नाहीत. मेहुणी रोज चहाला येऊन शिकवते. त्यांचे टाके सीटच्या शिलाईसारखे पक्के बसतात, सुई हलतच नाही. मग ती उसवायला लावते.

खालची किनार चार बोटं झाली आहे. धड, गळा आणि दोन्ही बाह्या बाकी आहेत.