चौखटीला लेक लागते

डोमाजी मिस्त्रीला दार बसवायला बोलावलं, तर तो दाराकडे बघतच नाही. ओसरीवर बैठक मारतो, गडवाभर पाणी पितो, मिशा पुसतो आणि विचारतो, "घरची लेक कुठी दिली जी?"

नव्या माणसाला वाटतं, हा सोयरीक जुळवायला आला. तसं काही नाही. आमच्याकडे घराची चौखट उभी करताना तिची पूजा होते, नारळ फुटतो, आणि हळदीकुंकवाचा पहिला हात घरच्या लेकीचा, नाहीतर बहिणीचा असतो. हल्ली लोक घाईत असतात. सूनच हळद लावते आणि उरकतं. पण आमच्या एकोडीत आणि आजूबाजूच्या गावांत दाराचं काम म्हणजे डोमाजीचं, आणि डोमाजीचा कायदा एकच. लेक आल्याशिवाय चौखट उभी राहत नाही. तुम्ही कितीही आरडाओरडा करा, तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसतो. "काहून तरास करून घेता? दार हाय, भागून थोडी जाते!"

रेडीमेड दारांना तो 'पापड' म्हणतो. "बाथरूमले लावा तुमचा पापड, लाज झाकाले ठीक हाय." तेराव्याच्या जेवणाला गेला तरी पंगतीत बसायच्या आधी यजमानाच्या दाराची बिजागरी हलवून बघणार, आणि सगळे सुतकी चेहरे करून बसलेले असताना मोठ्यांदा म्हणणार, "तेल मांगून राहिली हे!" मी किराणा दुकान चालवते. माझी जीभ काही कमी तिखट नाही. पण या माणसापुढे मीही हात टेकले आहेत.

एकदा गावातल्या एका शेतकऱ्याने त्याला चौखट सांगितली. त्या शेतकऱ्याची बहीण आसगावला दिलेली, आणि शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बहीणभावाचं बोलणं बंद. तो म्हणाला, मी मेलो तरी तिला बोलावणार नाही. डोमाजी म्हणाला, "भांडन हाय तं हाय. पन हळद कोन लावन?" आणि मोपेडला किक मारून थेट आसगाव. संध्याकाळी आम्ही बघतो तर काय, मागच्या सीटवर बहीण बसलेली, आणि तिच्या मांडीवर डोमाजीची करवत! बहीणभाऊ गळ्यात पडून रडले, वडाभात खाल्ला, बहीण नवं लुगडं घेऊन गेली. पुढच्या धानाच्या रोवणीला दोघं पुन्हा भांडले, ती गोष्ट वेगळी.

अशा कितीतरी लेकी त्याने माहेरी आणल्या. स्वतःची तेवढी आणली नाही.

त्याची एकुलती एक रंजू. रायपूरकडच्या दुर्गला दवाखान्यात नोकरीला लागली आणि तिथल्याच एका पोराशी तिने लग्न केलं. पोरगा दुसऱ्या जातीचा. बापाला विचारलं नाही. लग्नानंतर नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली, तर डोमाजीने आतून कडी लावून घेतली. त्याची बायको सुमन दाराकडे धावली, तर तिचा हात धरून ठेवला. पोरगी थोडा वेळ बाहेर उभी राहिली आणि परत गेली. ती जी गेली, ती पुन्हा आली नाही, आणि याने तिचं नाव पुन्हा काढलं नाही.

सुमन माझ्या दुकानात मिठाच्या पोत्यावर बसून माझ्या फोनवरून लेकीशी बोलते. डोमाजीला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. कारण सुमन फोनवर असली की तो सुपारी घ्यायला आत येत नाही. रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो आणि दुकानाची पाटी वाचतो. ती पाटी त्याची कधीच पाठ झाली असेल.

तर यंदा धान घरात आलं आणि आमच्या पुढच्या दाराची चौखट वाळवीने खाल्लेली निघाली. मी मिस्त्रीला बोलावलं. माझं नशीब म्हणा, त्या दिवशी लेकीचा प्रश्न त्याला सवयीप्रमाणे आधी आठवला नाही. आल्या आल्या त्याने जुनी चौखट उखडून अंगणात टाकली, आणि मग ओसरीवर बसून विचारलं, "लेक कुठी दिली जी, वहिनी?"

मला दोन पोरं, दोघंही पुण्याला. लेक नाही. आमच्या ह्यांना बहीणही नाही. लेकीची मला फार हौस होती. धाकट्याच्या वेळी तर मी झबली-टोपडीसुद्धा गुलाबी शिवून ठेवली होती. हे सगळं मिस्त्रीला कुठे सांगत बसू? मी म्हटलं, "लेक नाही. मी लावते हळद, तुम्ही चौखट बसवा."

"जमत नाही जी."

"मग जुनी उखडायच्या आधी विचारायचं होतं!"

"हो, तेवढी चुकी झाली," तो म्हणाला आणि खर्रा घोटू लागला.

आमचे हे बिचारे मऊ स्वभावाचे. त्यांनी नागपूरच्या चुलतबहिणीला फोन लावला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ती म्हणाली, व्हिडिओ कॉल करा, मी इथून हळद लावते. डोमाजी भडकला. "मोबाइलवर हळद लागते काय? मंग जेवन बी मोबाइलवरच वाढा!"

घराच्या तोंडाला ताडपत्री लावून आम्ही दिवस काढू लागलो. शेजारची बकरी दोनदा आत शिरली आणि दुसऱ्यांदा तर देवापुढची केळी खाऊन गेली. मी संतापले. तशीच फणफणत गेले आणि पारावर बसलेल्या डोमाजीला चार माणसांत झाडलं. "आमच्या घरी लेक नाही, ती काय साकोलीच्या बाजारात किलोवर मिळते? तुमची तर आहे ना? तिला आणा!"

बोलले आणि माझी मलाच भीती वाटली. पारावरची माणसं इकडेतिकडे बघू लागली. डोमाजी उठला, चपला घातल्या, माझ्या दिशेने दोन पावलं चालला आणि खाली बघत म्हणाला, "तुमच्या घरची लेक म्हनून येत असन, तं येऊ द्या. माह्या घरची म्हनून नाही."

मी दुकानात आले आणि आधी रंजूला फोन लावला. 'माझ्या घरची लेक म्हणून ये' म्हटलं. ती म्हणाली, "काकू, मले लुगडं हिरवं पाहिजे."

दुर्गहून रायपूर-नागपूर हायवेची बस साकोलीला थांबते. आमचे हे तिला आणायला गेले. रंजू अंगणात आली तेव्हा सुमन आमच्या चुलीपाशी उगाच भाजी ढवळत होती. मायलेकी एकमेकींना धरून किती रडल्या! मीही रडले. डोमाजी अंगणात चौखटीला रंधा मारत होता. ती चौखट त्याने आदल्या दिवशीच गुळगुळीत केली होती.

मग जे झालं, ते बघून हसावं की रडावं, मला कळेना. डोमाजी स्वतःच्या लेकीला अहोजाहो करू लागला.

"बाई, उजव्या बाजूनं लावा हळद."

"बरं, मिस्त्री. नारळ कुठी फोडू?"

"उंबरठ्यावर फोडा जी. सांभाळून."

बाप तसा, लेक तशी. कोणी कोणाकडे बघेना. चौखट उभी केली, तर तिची रेघ काही सरळ येईना. ओळंब्याची दोरी खाली सोडून डोमाजी कितीदा एक डोळा मिटून बघत होता. "हवा सुटली हाय," म्हणाला. ह्यांनी मुकाट्याने चौखट धरून ठेवली. हवा कुठली? ताडपत्रीसुद्धा हलत नव्हती.

शेवटी मिस्त्रीचा मान. घरची लेक त्याला कुंकू लावते, खांद्यावर दुपट्टा टाकते, हातात नारळ देते. रंजूने कुंकवाचं बोट पुढे केलं आणि डोमाजीने डोळे मिटून घेतले. कुंकू लागलं, दुपट्टा पडला, तरी ते उघडेनात. रंजू वाकून पाया पडली. दर घरी तो लेकीला तोंडभरून आशीर्वाद देतो. त्या दिवशी नुसता हात वर गेला.

रंजूला हिरवं लुगडं नेसवून मी ओटी भरली. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा लेकीची ओटी भरली. जाताना सुमन तिच्या हाताला धरून म्हणाली, "एक डाव घरी चाल न माय. चहा पिऊन जा."

"बाबा म्हनन तं येईन," रंजू म्हणाली. बाबा पटाशी पुसत होते. पुसून झालेली पटाशी त्यांनी पुन्हा पुसायला घेतली. रंजू बस धरायला निघून गेली.

चौखट तर बसली, पण दाराचा पल्ला लावायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग मीच त्याच्या घरी गेले, चांगलं खडसवायच्या तयारीनेच.

अंगणात त्याच्या घराचा दरवाजा आडवा पडलेला. चौखटसुद्धा उखडलेली. जुनं सागवान, एक किडा लागलेला नाही. भिंतीला मोठं भगदाड पडलेलं आणि सुमन त्या भगदाडात डोक्याला हात लावून बसलेली. "पाहा न वहिनी, सकाळपासून काय करून राहिले हे!"

मी म्हटलं, "मिस्त्री, चांगली चौखट का हो काढली?"

"खराब होती," तो म्हणाला. कुदळ ठेवून दिली आणि जमिनीवर बसला. "त्या दिशी कडी लावून मी या दाराच्या मागंच उभा होतो, वहिनी. खालच्या फटीतून तिचे पाय दिसत होते. नवीन चपला होत्या. लय वेळ होते ते पाय तिथं. मले वाटलं, अजून एकदा वाजवन तं उघडतो. तिनं वाजवलंच नाही."

त्याने धोतराला हात पुसले आणि माझ्यापुढे केले. "फोन लावून द्या जी."

मी लावून दिला. रंजूने उचलला. डोमाजीने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि घसा खाकरला.

"हॅलो, बाई, मी मिस्त्री बोलतो. एकोडीहून. इथं एक चौखट बसवाची हाय..." तो थांबला. सुमन भगदाडातून उठून उभी राहिली. "रंजू, बाबा बोलून राहिलो. घर उघडं पडलं बेटा. तू कधी येशीन?"