पाव किलो हळीव

यंदा आपल्या पोरीला जिल्ह्याच्या कबड्डी संघात जाण्यापासून कोणाचा बाप अडवू शकत नाही, असं हिरामणने कोंडाण्याच्या नाक्यावर, पिठाच्या गिरणीत आणि एकदा तर मयताला जमलेल्या माणसांतसुद्धा सांगून झालं होतं. पोरगी होतीच तशी. किरण चढाईला गेली की समोरच्या पोरी एकमेकींच्या मागे लपायच्या. फक्त गेल्या वर्षी घोळ झाला. निवड चाचणीत तिने भर मैदानात पंचांना विचारलं, "डोळे घरी ठेवून आलात का?" पंचांनी तिला बाहेर बसवलं. घरी येऊन ढसाढसा रडली आणि एवढंच म्हणाली, "मधेच डोकं फिरतं माझं. का फिरतं मला नाय कळत."

का फिरतं, ते यंदा नम्रता मॅडमनी सांगितलं. मॅडम कर्जतला पोरींना कबड्डी शिकवतात. त्यांनी पालकांची बैठक बोलावली, म्हणजे बोलावल्या होत्या आया. पण किरणच्या आईची, छायाची, त्या दिवशी कारखान्यात दुसरी पाळी होती, म्हणून हिरामण गेला. बारा बायांत एकटा बाप्या. मॅडम फळ्यापुढे उभ्या राहून खणखणीत आवाजात सांगायला लागल्या, की पाळी यायच्या आधी आठवडाभर काही मुलींची चिडचिड होते, रडू येतं, अंग जड होतं, पोटात कळा येतात, आणि त्यातच सामना आला की सगळं मुसळ केरात. हिरामण पंख्याकडे बघत बसला. पंखा बंद होता.

"खाण्याकडे लक्ष द्या," मॅडम म्हणाल्या. "नाचणीची भाकरी, तीळ, केळी, दही, पालेभाजी. हळिवाचा लाडू द्या रोज एक. चहा कमी, पापड-लोणचं कमी. उपाशी तर अजिबात ठेवू नका. सगळ्यांना सारखा गुण येतो असं नाही, पण पुष्कळ जणींना बरं वाटतं."

आता हा माणूस आयुष्यभर पाळी पाळी ओरडत आलेला. "छायाची आज रातपाळी हाय", "छायाची पाळी बदलली" हे तो आळीच्या या टोकावरून त्या टोकाला बोंबलून सांगायचा. पण तोच शब्द पोरीच्या बाबतीत काही त्याच्या ओठांवर येईना. आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

परतीच्या वाटेवर तो झहीरच्या किराणा दुकानात थांबला. गल्ल्यावर झहीरची बायको सफुरा होती. मॅडमनी सांगितलं होतं हळीव. पण हिरामणला अर्धवट काम आवडत नाही. करायचं तर दणक्यात.

"भाभी, पाव किलो हळीव द्या. डिंक द्या, खारीक द्या, मेथी पण द्या."

सफुरा हसली. "अरे वा. कोण बाळंत झालं, हिरामणभाऊ?"

"कोणी नाय. आमच्या किरणसाठी पायजे."

सफुराचा मापातला हात तसाच राहिला. दुकानात शेजारची इंदूबाई उभी होती, साबण बघत. ती आता साबणाचा वासही घेईना.

"किरणला कशाला, भाऊ?"

हिरामणने इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली केला. "जरा अडचण हाय तिची."

बायका ज्याला अडचण म्हणतात, ती सफुराला चांगली ठाऊक होती. पण त्या अडचणीवर डिंक आणि मेथी कोणी नेत नाही. ती हळूच म्हणाली, "बाळंतशेपा पण टाकू का?"

"टाका की." बाळंतशेपा कशाशी खातात हे हिरामणला कुठं ठाऊक होतं.

"भाऊ, एक सांगू? पोरीवर हात नका उचलू. झालं ते झालं."

हिरामणला वाटलं, पंचांबरोबरचं भांडण इथपर्यंत पोचलं. तो मोठ्या मनाने म्हणाला, "छे छे, भाभी. झालं ते कधीच सोडून दिलं. आता मॅडमच्या हातात हाय सगळं. रविवारी कर्जतला चाचणी हाय तिची."

इंदूबाईने साबण खाली ठेवला आणि ती निघाली. साबण न घेताच.

लाडू झाले. किरण रोज एक खायला लागली, चहा सोडला, नाचणीची भाकरी मुकाट्याने खाल्ली. आणि काय सांगायचं, खरंच फरक पडला. नेहमी त्या दिवसांत भांडी आपटणारी पोरगी गुणगुणत घर झाडायला लागली. हिरामण खूश. फक्त आळीतल्या बाया किरणकडे बघायच्या त्या तोंडाकडे नाही, पोटाकडे. एका दुपारी इंदूबाई जुन्या मऊ लुगड्यांचं गाठोडं घेऊन आली.

"कशाला गं?" छायाने विचारलं.

"असू दे गं. लागतात," इंदूबाई म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

संध्याकाळी हिरामणचा थोरला भाऊ वाल्मिक अंगणात येऊन बसला. मागून इंदूबाई आणि आळीतली चारपाच माणसं आली. वाल्मिकचा टेंपो होता. सामने असले की तोच आळीतल्या पोरींना कर्जतला नेत असे.

"कधीपासून चाललंय रं हे?" वाल्मिकने विचारलं.

"दोन वर्षं झाली की, दादा."

"दोन वर्षं? आणि मला कोण बोललं नाय?"

"असं कसं? तूच तर नेतोस तिला टेंपोतून."

वाल्मिकचा चेहरा उतरला. "हिरामण, मी नेरळला एक पोरगा बघितलाय. सगळं समजून घेणारा हाय. गाजावाजा न करता उरकून टाकू. काय चार महिने, पाच महिने?"

तेव्हा कुठे हिरामणच्या डोक्यात उजेड पडला. लुगडी, बाळंतशेपा, झालं ते झालं. सांगायला फक्त एक शब्द पुरे होता. दाराआड छाया उभी होती, किरण उभी होती. दोघी त्याच्याकडे बघत होत्या.

"दादा, ते लाडू... पा..."

"काय पा?"

"पाठ," हिरामण म्हणाला. "पाठीसाठी हायेत. माझी पाठ धरते."

"तुझी पाठ धरते म्हणून लाडू पोरगी खाते?"

हिरामण पाठ चोळायला लागला. किरण बाहेर आली. गेल्या वर्षीची किरण असती तर काकाच्या डोक्यात पाट घातला असता. पण लाडू लागू पडले होते. ती शांतपणे म्हणाली, "काका, पाळी यायच्या आधी माझं डोकं फिरतं, पोटात दुखतं. त्याच्यासाठी लाडू हायेत. बाळबीळ काय नाय. दोन दिवसांत पाळी येईल, मग बघा."

इंदूबाईने पदर तोंडाला लावला. एकाने खाकरून चपला घातल्या. मघाशी ही सगळी माणसं पोरीच्या नसलेल्या बाळाला नाव द्यायला तयार होती, त्याला बापसुद्धा शोधून ठेवला होता. पण शब्द? शब्द कोणाला पचेना.

"चार माणसांत, बापासमोर," वाल्मिक उठत म्हणाला. "लाज म्हणून काय राहिली नाय."

तरी शंका होतीच. म्हणून आळी वाट बघायला लागली. इंदूबाई नळावर विचारायची, "आली का गं?" सफुराने झहीरकडून निरोप पाठवून विचारलं. आणि रविवारी सकाळी आली. आळीने सुटकेचा श्वास सोडला. इंदूबाईने देवापुढे साखर ठेवली आणि लुगडी परत नेली.

चाचणीला जायला टेंपो दारात उभा राहिला. मागे तिघी पोरी चढल्या. किरण बूट बांधून, पिशवी घेऊन निघाली, तर वाल्मिक आडवा आला.

"टेंपोत एकवीरा आईचा फोटो हाय. तुला अडचण हाय. आज बाजूला बस."

"काका, दोन वर्षं नेताय मला. किती वेळा तशीच बसले असेन."

"तेव्हा मला म्हायती नव्हतं. आता सगळ्या आळीला म्हायती हाय."

"भातलावणीला तशीच तुमच्या शेतात वाकले होते तेव्हा नाय बाजूला बसवलंत."

वाल्मिकने टेंपोची मागची फळी लावून घेतली. छाया पहिल्या पाळीला गेलेली, नाहीतर तिने त्याला सोडला नसता. सगळे हिरामणकडे बघायला लागले. दारात त्याची मोटरसायकल उभी होती. टाकी भरलेली होती. "बस मागं" एवढंच म्हणायचं होतं. हिरामण खाली वाकला, मागचं चाक अंगठ्याने दाबलं.

"हवा कमी वाटते," तो म्हणाला.

टेंपो गेला. किरणने चाकाकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडल्या.

थोड्या वेळाने मॅडमचा फोन आला. "हिरामणभाऊ, किरण कुठे आहे? नाव पुकारायला लागलेत. लाडू दिलेत ना?"

"दिले की, मॅडम. लई गुण आला. एकदम शांत हाय पोरगी."

"मग आणा ना लवकर."

हिरामणने आळीत नजर टाकली. इंदूबाई तांदूळ निवडत कान देऊन बसली होती. "मॅडम, जरा अडचण हाय."

"अहो, पाळी आली तर आली, त्यात काय एवढं? खेळतात मुली. पाठवा तिला!"

फोनमधून तो शब्द पार इंदूबाईपर्यंत पोचला. हिरामणने घाईघाईने "रेंज नाय, मॅडम, आवाज येत नाय" म्हणत फोन बंद केला.

मागे वळला तर किरण लाडवांचा डबा घेऊन उभी होती. तिने तो त्याच्या हातात दिला. रडली नाही, आपटला नाही.

"तुमीच खा हे, बाबा," ती म्हणाली. "तुमच्या पाठीसाठी."